कस्तुराबाईच्या आवाजाची वहिवाट

प्रति,
मा. तहसीलदार साहेब,
तहसील कार्यालय, शिरूर, जि. पुणे

अर्जदार : पोपटराव म्हाळू ढवळे, वय ६४, धंदा शेती, रा. वडगाव रासाई, ता. शिरूर
सामनेवाले : मोटर स्टार्टर विकणारी एक कंपनी (नाव न लिहिण्याचं कारण परिच्छेद ३ मध्ये दिलं आहे)

विषय : मयत पत्नीच्या आवाजाच्या वहिवाटीला कंपनीनं केलेला अडथळा दूर होणेबाबत, तसेच चौदा सेकंदांच्या मूळ रेकॉर्डिंगची प्रत अर्जदारास मिळणेबाबत.

संदर्भ : १) कंपनीच्या वेबसाईटच्या वापराच्या अटी व शर्ती, कलमे ४६, छापील पाने ३१.
२) अर्जदाराची कंपनीकडील तक्रार, दि. ३ मार्च २०२५.
३) सदर तक्रार मागे घेत असल्याचं पत्र, दि. ९ मे २०२५.

महोदय,

१. अर्जदार हा न वाचता कशालाही हो न म्हणणारा इसम आहे, आणि ही गोष्ट वडगाव रासाई, तळेगाव ढमढेरे व नदीपलीकडं पार खुटबावपर्यंत सगळ्यांना ठाऊक आहे. गेली बावीस वर्षं गावात कुणाच्याही घरी छापील कागद आला की तो आधी अर्जदाराकडं येतो. अर्जदार सोसायटीच्या ओट्यावर बसून तो मोठ्यानं वाचतो, चष्मा काढतो आणि ‘करा सही’ किंवा ‘नका करू’ असं सांगतो. हर्नियाच्या ऑपरेशनला टेबलावर झोपवल्यावर अर्जदारानं संमतीपत्र परत मागवून दोन्ही बाजू वाचल्या, तोवर भूल देणारे डॉक्टर दोनदा चहा पिऊन आले. मुलगा सत्यजीत याच्या लग्नात मांडववाल्याचा करारनामा वाचून होईस्तोवर अक्षता थांबल्या होत्या. अर्जदाराची पत्नी कस्तुराबाई (आता मयत) तेव्हा बायकांत बसून म्हणाली होती, ‘ह्यांच्या सरणावर कुणी कागुद ठेवला, तर हे उठून वाचत्याल आन् मगच जळत्याल.’ सांगायचा मुद्दा, अर्जदाराला कागदावर फसवणारा माणूस अजून जन्माला यायचा आहे, असं अर्जदार गेल्या वर्षीच्या जून महिन्यापर्यंत समजत होता.

२. साहेबांना माहीतच आहे की नदीकाठच्या मोटरीला थ्री फेज लाईट कधी येईल आणि कधी जाईल याचा नेम नसतो. त्यावर सदर कंपनीनं एक डबा काढला आहे. लाईट आली की डबा आपोआप मोटर चालू करतो आणि मालकाच्या मोबाईलवर फोन करून तसं सांगतो. मालकानं फक्त उसात जाऊन दारं धरायची, म्हणजे पाणी एका सरीतून दुसऱ्या सरीत वळवायचं. अर्जदारानं हा डबा जून २०२४ मध्ये बसवला. पण फोनवर शहरातली एक मुलगी बोलायची, ‘प्रिय ग्राहक, आपला पंप कार्यान्वित झाला आहे.’ अर्जदाराला दरवेळी वाटायचं की विमा विकणारी आहे. अर्जदार फोन कापायचा. असा चार वेळा फोन कापल्यामुळं अर्जदाराचं पाणी शेजारच्याच्या भुईमुगात गेलं व भांडण झालं. तेव्हा सून तेजश्री हिनं शोधून काढलं की कंपनीच्या वेबसाईटवर ‘घरच्या आवाजात निरोप’ अशी सोय आहे. घरच्या माणसानं तीन निरोप बोलून द्यायचे, मग डबा त्याच आवाजात फोन करतो.

३. कंपनीचं नाव इथं लिहिलेलं नाही, कारण वेबसाईटच्या अटींमधलं कलम २३ सांगतं की कंपनीचं नाव, चिन्ह किंवा त्याच्याशी मिळतंजुळतं काहीही लेखी परवानगीशिवाय कुठल्याच मजकुरात वापरता येणार नाही. अर्जदारानं या अर्जात नाव लिहिण्याची परवानगी एप्रिलमध्ये मागितली आहे. उत्तर आलेलं नाही. गावात डब्याला ‘बोलका डबा’ म्हणतात, त्यावरून चौकशी केली तरी कंपनी सापडेल.

४. अटी मान्य केल्याशिवाय आवाज देता येत नव्हता. अर्जदारानं सुनेला सांगितलं, ‘बटनाला हात लावू नको. आधी मी वाचणार.’ तिनं वेबसाईटचं ते पान उघडून तळेगावच्या झेरॉक्सवाल्याकडून एकतीस पानं छापून आणली. अर्जदारानं ती सोसायटीच्या ओट्यावर सलग दोन दिवस मोठ्यानं वाचली. अटी मराठीत होत्या, पण ज्यानं लिहिल्या त्यालाही त्या कळल्या असतील असं वाटत नाही. ऐकायला तीस-चाळीस जण होते. त्यातल्या बऱ्याच जणांना डबा घ्यायचा होता आणि आबा, म्हणजे अर्जदार, वाचतील त्यावर आपण हो म्हणू, असा गावचा रिवाज.

कलम १७ असं होतं की वापरकर्त्यानं दिलेला आवाज, चित्र वा मजकूर कंपनीला जगभर, कायमचा, विनामोबदला, परत न घेता येईल असा आणि पुढं कुणालाही देता येईल असा वापरता येईल, त्यात बदल करता येईल व त्यापासून नवीन काही तयार करता येईल. हे वाचल्यावर कुणीतरी म्हणालं, ‘आबा, ह्ये जरा जास्तच न्हाई का?’ अर्जदारानं चष्मा काढला आणि उत्तर दिलं, ते त्यातल्या पंधरा जणांच्या साक्षीनं इथं नमूद करतो : ‘कंपनीला वडगावचा आवाज नेऊन काय करायचंय? पुण्याची माणसं मुकी झाल्यात व्हय?’ सगळे हसले. पुढं गावातल्या त्रेसष्ट शेतकऱ्यांनी त्या हसण्यावर मान्य केलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी कलम ४६ आलं, म्हणजे शेवटचं. त्यात एकच वाक्य होतं. हे पान ज्या क्षणी उघडलं गेलं, त्याच क्षणी वापरकर्त्यानं वरील सर्व अटी वाचून, समजून, राजीखुशीनं मान्य केल्या आहेत. म्हणजे सुनेनं छापण्यासाठी पान उघडलं तेव्हाच अर्जदार हो म्हणून बसला होता, आणि पुढचे दोन दिवस स्वतःच दिलेला होकार गावाला वाचून दाखवत होता. ही गोष्ट अर्जदारानं तेव्हा कुणाला सांगितली नाही. शेवटचं पान घडी करून कोपरीच्या खिशात घातलं आणि ‘करा सही’ म्हणाला.

५. कस्तुराबाईनं तीन निरोप दिले. कंपनीचा नमुना होता, ‘वीज आली आहे, पंप सुरू आहे.’ ती म्हणाली, ‘असं माझ्या तोंडात बसत न्हाई.’ मग तिनं आपल्या तऱ्हेनं सांगितलं, ‘आवं, लाईट आली. मोटर चालू हाय. दारं धरायला जावा, का खांबाकडंच बघत बसणार?’ बाकीचे दोन निरोप लाईट गेल्याचा व विहिरीतलं पाणी संपल्याचा, तेही याच धर्तीवर.

त्यानंतर संमतीसाठी एक वेगळं रेकॉर्डिंग द्यायचं होतं. त्यात बोलणाऱ्यानं खातेदाराचं पूर्ण नाव उच्चारायचं. खातेदार म्हणजे अर्जदार. इथं काम अडलं. कस्तुराबाईनं अर्जदाराचं नाव लग्नात घास भरवताना एकदा घेतलं होतं, त्यानंतर अडतीस वर्षांत घेतलं नव्हतं. रेशनच्या दुकानात, दवाखान्यात, मतदानाच्या यादीवर, सगळीकडं ती बोटानं दाखवायची नाहीतर दुसऱ्याकडून वदवून घ्यायची. कंपनीसाठी ती रिवाज मोडेना. अर्जदारानं कलम वाचून दाखवलं तरी ऐकेना. शेवटी तेजश्री म्हणाली, ‘आत्या, उखाण्यात घ्या की. उखाण्यात चालतं.’ मग तिनं पदर सावरला, मोबाईलकडं न बघता भिंतीकडं बघून म्हणाली :

‘भीमामाईच्या काठाला उसाचं रान,
पोपटराव म्हाळू ढवळ्यांचं नाव घेते, राखते कंपनीचा मान.’

आणि हसली. हसून म्हणाली, ‘झालं का? बंद कर बाई आता.’ हे सगळं मिळून चौदा सेकंद भरतं. वेबसाईटनं ‘संमती प्राप्त झाली’ असं हिरव्या अक्षरांत दाखवलं आणि ते रेकॉर्डिंग आपल्याकडं ठेवून घेतलं. मोबाईलमध्ये त्याची नक्कल राहिली नाही. तेव्हा ती कुणाला हवीही नव्हती.

६. दिनांक ११ फेब्रुवारी २०२५ रोजी कस्तुराबाई आठ दिवसांच्या तापानं दौंड येथे दवाखान्यात मयत झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी वडगावच्या घाटावर नेलं. त्या आठवड्यात आपल्याकडं लाईटची पाळी दिवसाची होती. सव्वाअकरा वाजता सत्यजीत खांद्यावर मडकं घेऊन पहिली फेरी मारत असताना लाईट आली.

प्रथम एकाचा फोन वाजला. मग चौघांचा. मग घाटावर जेवढे बोलक्या डब्याचे खातेदार होते त्या सगळ्यांचे वाजले. सवयीप्रमाणं काहींनी स्पीकर चालू केला. आणि चाळीस ठिकाणांहून, थोड्या थोड्या अंतरानं, कस्तुराबाई बोलली : ‘आवं, लाईट आली. मोटर चालू हाय. दारं धरायला जावा, का खांबाकडंच बघत बसणार?’

सत्यजीतचं मडकं पहिल्याच फेरीत खाली पडून फुटलं. काठावर उभ्या बायकांतून अर्जदाराची चुलत बहीण अनसाबाई पुढं आली. तिनं मयताच्या तोंडावरचं फडकं बाजूला करून विचारलं, ‘कस्तुरे, जागी हायस का गं?’ तिला दोघींनी धरून मागं नेलं. अर्जदाराच्या खिशातलाही फोन वाजत होता. अर्जदारानं तो कानाला लावला आणि ‘आलो, आलो’ असं म्हटलं. हे भानावर नसताना घडलं असून त्याचा कंपनीनं संमती म्हणून अर्थ लावू नये.

पाळीप्रमाणं तीन वाजता लाईट जाणार होती. त्यामुळं सरण पेटल्यावर निम्मे लोक दारं धरायला गेले. अर्जदाराचा त्यांच्यावर राग नाही. दुसऱ्या कुणाचं मयत असतं तर अर्जदारही गेला असता.

७. नंतर चौकशीत कळलं की ती दवाखान्यात असतानाच कंपनीनं शिरूर व दौंड तालुक्यांतल्या सगळ्या डब्यांना ‘गावरान आवाज’ बसवला. कलम १७ प्रमाणं तो आवाज कस्तुराबाईचा. गावाला वाटलं घरच्यांनी राजीखुशीनं दिला असेल, म्हणून आजारपणात कुणी विषय काढला नाही.

आता साहेबांनी अडचण समजून घ्यावी. ‘आवं’ हा शब्द बाई एकाच माणसाला म्हणते. तो माणूस अर्जदार आहे. सध्या अर्जदाराची मयत पत्नी दोन तालुक्यांतल्या अकरा हजार पुरुषांना रोज ‘आवं’ म्हणते आहे. वाटेत भेटणारे खातेदार आदरानंच बोलतात. खुटबावचा मल्हार नावाचा शेतकरी तर मुद्दाम पेढे घेऊन आला. म्हणाला, ‘आबा, ती शहरातली पोरगी सांगायची तवा मी उठतच नव्हतो. मामी बोलल्या की अंगावर काटा येतो. यंदा माझा ऊस मामींनी वाचवला.’ पेढे ताटलीत ठेवले. खाल्ले गेले नाहीत.

त्यानंतर दहा दिवसांनी मल्हारची बायको मोनाली ही एकटी स्कूटर चालवत वडगावात आली. अंगणात उभी राहून म्हणाली, ‘कोण हाय ती? दिवसातून तीनदा माझ्या मालकाला आवं म्हंती. मी सांगितलं तर जागचा हलत न्हाई, आन् ती म्हणली की पळत सुटतो. बाहेर काढा तिला.’ तेजश्रीनं तिला आत नेलं. आत हार घातलेला फोटो आहे. मोनालीनं फोटो नीट बघितला. मग खाली बसली आणि म्हणाली, ‘माझं भांडण आता कुणासंगं?’ तिला चहा दिला. जाताना ती फोटोला नमस्कार करून गेली. सदर बाईचं नुकसानही या अर्जात धरावं.

८. अर्जदारानं दि. ३ मार्च रोजी कंपनीकडं तक्रार केली की हा आवाज बंद करून कायमचा पुसून टाकावा. तक्रार रागात लिहिली होती, हे कबूल आहे. चौथ्या दिवशी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याचा फोन आला. तरुण माणूस, बोलायला नम्र. तो म्हणाला, ‘सर, कलम १९ नुसार संमती मागं घ्यायची असेल तर ती ज्यांनी दिली त्यांनी स्वतःच्या आवाजात मागं घ्यावी लागते.’ अर्जदार म्हणाला, ‘ती मयत आहे.’ तो म्हणाला, ‘सॉरी सर. सिस्टीममध्ये तसा ऑप्शन नाहीये. मी इतर टाकतो.’ अर्जदारानं विचारलं की मयत माणसानं फोन करायचा कसा. त्यावर तो म्हणाला, ‘रजिस्टर्ड मोबाईलवरूनच करावा लागेल सर.’ तक्रार ‘इतर’ मध्ये नोंदवली गेली. तिचा नंबर सोबत जोडला आहे.

दरम्यान कंपनीनं नवीन सोय काढली. कुणीही पैसे भरून आठ शब्दांपर्यंत वाक्य टाईप केलं की गावरान आवाज ते बोलून देतो. तेजश्रीनं युक्ती केली. ‘मी कस्तुराबाई माझी संमती मागं घेते’ असं टाईप करून कस्तुराबाईच्या आवाजात ते वाक्य मिळवलं आणि कंपनीकडं पाठवलं. उत्तर आलं की तपासणीत हा आवाज कंपनीच्या मालकीचा आढळला असून तो वापरकर्त्याचा धरता येत नाही.

याच सोयीमुळं तळेगावच्या बाजारात एका टेम्पोवर कर्णा लावून कस्तुराबाई कांदा विकत होती. ‘कांदा घ्या, कांदा, उन्हाळी कांदा, घरचा कांदा.’ अर्जदाराच्या घरी कांद्याची चाळ भरलेली आहे. तरी अर्जदार टेम्पोपाशी तासभर उभा राहिला आणि पाच किलो कांदा घेऊन आला. सत्यजीतनं पिशवी बघितली आणि चाळीत नेऊन ओतली. जिवंतपणी ती बाजारात भाव करताना तोंडावर पदर घ्यायची.

९. इथून पुढचं अर्जदारानं घरातही नीट सांगितलेलं नाही. तक्रारीचं काय झालं हे विचारायला अर्जदारानं एप्रिलमध्ये कंपनीच्या मदत क्रमांकावर फोन लावला. पलीकडून कस्तुराबाई बोलली : ‘तुमचा फोन आमच्यासाठी मोलाचा हाय. जरा थांबा, तुमचा नंबर सातवा हाय.’ अर्जदार थांबला. दर दोन मिनिटांनी ती हेच म्हणायची. नंबर सातवा होता, पाचवा झाला, तिसरा झाला. अर्जदाराला नंबर लागू नये असं वाटायला लागलं. पहिला नंबर आल्यावर अर्जदारानं फोन ठेवला आणि पुन्हा लावला.

त्यानंतर अर्जदार रोज दुपारी फोन लावू लागला. बाभळीखाली बाज टाकून कानाला फोन धरून बसायचं. तेजश्री म्हणायची, ‘आबा, दोन घास खाऊन घ्या, मग लावा. आत्या कुठं पळून चालल्यात?’ तिला हे बोलून गेल्यावर वाईट वाटायचं. एकविसाव्या दिवशी कंपनीचा संदेश आला की कलम ३३ प्रमाणं मदत क्रमांकाचा वापर करमणुकीसाठी करता येत नाही, सबब आपला क्रमांक पंधरा दिवस बंद करण्यात येत आहे.

त्या पंधरा दिवसांत अर्जदारानं विचार केला. मदत क्रमांकावरची बाई ‘कृपया’ म्हणते. ‘तसदीबद्दल माफ करा’ म्हणते. कस्तुराबाईनं अडतीस वर्षांत अर्जदाराला एकदाही ‘माफ करा’ म्हटलेलं नाही, आणि बऱ्याचदा म्हणायला हवं होतं. म्हणजे आवाज तिचा आहे, पण बोलणारी ती नाही. मोटरीचे तीन निरोप तेवढे तिचे स्वतःचे. आणि संमतीचे चौदा सेकंद. त्यात अर्जदाराचं नाव आहे आणि शेवटी ती हसते. घरात तिच्या आवाजाचं दुसरं काही नाही. नातवाच्या बारशाचा एक व्हिडिओ आहे, त्यात तिचे ओठ हलताना दिसतात, पण मागं डीजे वाजतो आहे. ती काय म्हणते आहे यावर घरात तीन मतं आहेत.

म्हणून अर्जदारानं दि. ९ मे रोजी कंपनीला दुसरं पत्र दिलं. पुसण्याची तक्रार मागं घेतो. अकरा हजार लोकांना ‘आवं’ म्हणू द्या, कांदा विकू द्या, काही म्हणणं नाही. फक्त ते चौदा सेकंद अर्जदाराला द्या. यावर यंत्राचं उत्तर आलं की तक्रार मागं घेण्याची सोय सध्या वेबसाईटवर उपलब्ध नाही, आणि संमतीचं रेकॉर्डिंग हा कंपनीचा अंतर्गत दस्तऐवज असल्यानं वापरकर्त्यास त्याची प्रत मिळत नाही. वाद असल्यास तो सिंगापूर येथील न्यायालयात दाखल करावा, असं कलम ४१ आहे. अर्जदाराकडं पासपोर्ट नाही. तो काढण्यासाठी ऑनलाईन अर्ज करावा लागतो, तिथंही अटी आहेत, त्या वाचून झाल्या नाहीत.

१०. अर्जदार आपल्याकडं का आला, तर शेताच्या वाटेचा, पाण्याच्या पाटाचा, बांधावरून जाण्यायेण्याचा वाद आपल्यापुढं चालतो. वाट ज्याच्या मालकीची आहे त्यानं ती अडवली, तरी वहिवाट असेल तर आपण ती खुली करून देता. जमीन दुसऱ्याची असली तरी चालणाऱ्याचा हक्क राहतो, हे अर्जदार गावात कित्येकांना समजावून सांगत आला आहे. तोच न्याय इथं लावावा. आवाज कलम १७ प्रमाणं कंपनीच्या मालकीचा झाला असेल तर असो. पण त्यावर अर्जदाराची अडतीस वर्षांची वहिवाट आहे. ती उघड होती, चार घरं सोडून ऐकू जात होती, याला शेजारी साक्ष देतील. ती अखंड होती. माहेरपणाचे दिवस सोडले तर एक दिवस खंड नाही, आणि माहेरूनही ती निरोप पाठवायचीच. ती विनाहरकत होती असं मात्र म्हणता येणार नाही. हरकत अर्जदारच घ्यायचा, पण ती कधी चालली नाही. यावरून हक्क कुणाचा भारी होता हेही स्पष्ट होतं.

हद्दीचा प्रश्न निघेल. आवाज वडगावात तयार झाला, म्हणजे शिरूर तालुका. तिथून नदी ओलांडून तो दौंड तालुक्यात गेला. जसा पाट दोन तालुक्यांतून गेला तरी उगम जिथला, चौकशी तिथून सुरू होते, तसं धरावं.

त्रेसष्ट जणांनी अर्जदाराच्या शब्दावर या अटी मान्य केल्या. आता ओट्यावर कुणी कागद घेऊन येत नाही. परवा एक जण बँकेचा फॉर्म घेऊन ओट्यावरून पुढं गेला, अर्जदाराकडं न बघता. त्याबद्दल काही मागणं नाही. ते अर्जदाराचं अर्जदारानंच केलेलं आहे.

११. तरी साहेबांनी मेहेरबानी करून,

(अ) मंडल अधिकाऱ्यांमार्फत अर्जदाराच्या मोबाईलवर लाईट येण्याच्या वेळी आवाजाचा समक्ष पंचनामा करावा. लाईट कधी येईल हे आधी कळवता येत नाही, पंचांना थोडं थांबावं लागेल. जेवणाची सोय घरी आहे.

(ब) चौदा सेकंदांच्या मूळ रेकॉर्डिंगची एक प्रत अर्जदाराला देण्याचा कंपनीस हुकूम व्हावा. मूळ कंपनीनं ठेवावं. नक्कलही चालेल.

(क) निकाल लागेपर्यंत कंपनीनं सदर आवाज जैसे थे ठेवावा, पुसू नये, बदलू नये.

(ड) वरचं काहीच बसत नसेल तर अर्जदाराच्या सातबाऱ्यावर इतर हक्कात अशी नोंद व्हावी की या गटातल्या मोटरीवर मयत कस्तुराबाई पोपटराव ढवळे यांचा आवाज चालू आहे. पुढं मागं वारसांना माहीत असावं.

वरील मजकूर अर्जदारानं स्वतः सांगून टाईप करून घेतला आहे आणि दोनदा वाचला आहे.

साहेबांच्या तालुक्यातला एक खातेदार, आपल्या उत्तराची वाट बघणारा,

(सही)
पोपटराव म्हाळू ढवळे
दि. १६ जून २०२५, शिरूर

सोबत जोडलेले कागद :
अटी व शर्तींची ३१ पाने, शेवटच्या पानाला घडी पडलेली आहे.
मृत्यूचा दाखला.
दि. ३ मार्चची तक्रार व तिचा नंबर, दि. ९ मेचं पत्र.
मोनाली, रा. खुटबाव, हिचा साध्या कागदावरचा जबाब.
सातबारा उतारा.

प्रत माहितीसाठी : मा. तहसीलदार साहेब, दौंड.

ता.क. : अर्ज टाईप होऊन सही झाल्यावर, दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी अर्जदाराच्या मोबाईलवर कंपनीचा फोन आला. बोलणारी शहरातली मुलगी होती. तिनं सांगितलं की आपली दि. ३ मार्चची तक्रार कंपनीनं विशेष बाब म्हणून, आपल्या दुःखाचा विचार करून मंजूर केली आहे. गावरान आवाज आज सकाळी सर्व डब्यांवरून काढण्यात आला असून त्याची सर्व रेकॉर्डिंगं, संमतीच्या रेकॉर्डिंगसह, कायमची पुसण्यात आली आहेत. आपण समाधानी असाल तर एक दाबा. अर्जदारानं काही दाबलं नाही. सबब परिच्छेद ११ मधील (अ), (ब) व (क) या मागण्या राहिल्या नाहीत असं समजावं. (ड) मध्ये ‘चालू आहे’ ऐवजी ‘चालू होता’ असं वाचावं. दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट चिकटवून झालेलं आहे व ते निघत नाही, त्यामुळं अर्ज आहे तसा सादर केला आहे.